बाबांच्या स्लाइड्समधल्या इंग्लंडच्या बस: रंगावरून साल सांगता येईल का?

कर्वेरस्ता:

माळ्यावरून बाबांच्या स्लाइड्सचा डबा काढला आहे. बाबा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं कामानिमित्त इंग्लंडमध्ये होते, आधी बर्मिंगहॅमला आणि मग वर लँकेशरमध्ये. आई म्हणते, त्यांनी तिथे माणसांपेक्षा बसचेच फोटो जास्त काढले. डबा उघडल्यावर तिच्या म्हणण्यात काही खोट दिसत नाही. माउंटवर, म्हणजे स्लाइडच्या चौकटीवर, पेन्सिलीने लिहिलेलं होतं, पण इतके पावसाळे माळ्यावर काढल्यावर त्यातलं बरंचसं पुसलं गेलंय. बाबांना विचारायची सोय आता नाही, म्हणून इथे विचारते.

लांब पल्ल्याच्या बसच्या पाच स्लाइड्स आहेत. एकीत लाल बस, टप मात्र काळा, मागे विटांची इमारत. माउंटवर ‘बर्मिंगहॅम’ एवढं वाचता येतं. दुसरीत गडद निळी आणि क्रीम रंगाची, जुन्या वळणाची बस, अंगावर ‘रॉयल ब्लू’ लिहिलेलं. शेजारी भाड्याची पाटी अंधूक दिसते. तिसरीत पांढरीशुभ्र बस, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॅशनल’, एक अक्षर लाल, एक निळं असं आळीपाळीने, आणि पुढच्या चाकाच्या वर बारीक अक्षरांत ‘रिबल’. चौथीही रिबलच, पण खिडक्यांपासून वर पांढरी आणि खाली लाल. माझा भाऊ म्हणतो, रंगवायला घेतली आणि मध्येच पैसे संपले. पाचवी रात्री काढलेली, काळी-पांढरी बस, खिडक्या अगदी लहान, पाटीवर ‘ग्लासगो’.

मला या पाच स्लाइड्स कुठल्या क्रमाने लावायच्या एवढंच हवंय. आणि जाता जाता कोणी सांगेल का, की एकाच देशात एकाच वेळी इतके रंग कसे? आपल्याकडे लाल डबा म्हणजे लाल डबा, गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत.

फलाट९:

ताई, आधी एक सांगतो. स्लाइड्सवर बुरशीचे ठिपके असतील तर ओल्या कापडाने पुसायला जाऊ नका, रंगाचा थर निघून येतो. कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि आहे तशा स्कॅन करा.

आता मूळ प्रश्न. रंगावरून साल सांगता येतं, पण एकाच बाजूने. लांबच्या सगळ्या सरकारी गाड्या पांढऱ्या करायचा हुकूम १९७२ चा, तेव्हा पांढरी ‘नॅशनल’ दिसली की फोटो १९७२ च्या आधीचा नाही, हे छातीठोकपणे सांगावं. उलट जुन्या रंगातली बस दिसली म्हणून फोटो १९७२ च्या आधीचाच, असं म्हणायची सोय नाही. रंग द्यायचा तर गाडी वर्कशॉपमध्ये घ्यावी लागते, आत घेतली की ती धंदा करत नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर एकही गाडी मोकळी नसते. त्यामुळे हुकूम निघाला तरी जुने रंग पुढे दोन-तीन वर्षं रस्त्यावर होते. मी १९७३ च्या सप्टेंबरात लँकेशरमधल्या प्रेस्टनला शिकाऊ म्हणून गेलो. रिबल ही तिकडचीच कंपनी. तिथलं बस स्टेशन तेव्हा नवंकोरं होतं, १९६९ सालचं, दोन्ही अंगांना मिळून ऐंशी फलाट. स्वारगेटवर धक्के खाऊन तयार झालेला मी, पहिल्या दिवशी नुसता चालत फिरलो. त्या फलाटांवर पांढरी रिबल आणि जुनी क्रीम-लाल रिबल अशा दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असायच्या.

रंगापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे नंबरप्लेट. त्या काळात प्लेटच्या शेवटी एक अक्षर असायचं आणि १९६७ पासून ते दर १ ऑगस्टला बदलायचं. एच म्हणजे ऑगस्ट १९६९ ते जुलै १९७०. पुढच्या वर्षी जे, मग के (१९७१-७२), एल (१९७२-७३), एम (१९७३-७४). आय वापरतच नसत, कारण एकच्या आकड्याशी गल्लत होते. हे अक्षर गाडीच्या जन्माचं साल सांगतं, फोटोचं नाही. पण फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही, हे तरी पक्कं.

इतके रंग का, याचं उत्तर १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टमध्ये आहे. त्या कायद्याने प्रत्येक मार्गाला परवाना लावला. नव्याला आत शिरायचं तर आधीच्या कंपनीला हरकत घेता यायची, रेल्वेलासुद्धा. मग एकेक मार्ग एकेका कंपनीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिला आणि मार्गाबरोबर तिचा रंगही. बोर्नमथकडे रॉयल ब्लू, ससेक्सच्या किनाऱ्याला साउथडाउनची हिरवी, रॉचडेलहून यलोवेची नारिंगी-क्रीम. तिथल्या म्हाताऱ्यांना पाटी वाचावी लागत नसे, रंग बघून चढायचे.

आणि यातल्या बऱ्याचशा कंपन्या खाजगी नव्हत्याच! टिलिंग नावाचा मोठा गट १९४८ मध्येच सरकारच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी १ जूनला आपली पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आपल्याकडे सरकारने धंदा हातात घेतला आणि त्याबरोबर एक रंगही दिला. तिकडे मालक बदलला, रंग जिथल्या तिथे. रॉयल ब्लू टिलिंगच्याच घरातली, म्हणजे तुमच्या बाबांनी तिचा फोटो काढला तेव्हा तिला सरकारी होऊन वीस वर्षं उलटली होती. बीईटी हा दुसरा मोठा गट, मिडलँड रेड, रिबल, साउथडाउन त्यातल्या. त्याच्या बस साठच्या दशकाच्या शेवटी सरकारकडे आल्या. १ जानेवारी १९६९ ला सगळ्यांची मिळून नॅशनल बस कंपनी झाली, तरीही रंग तेच. १९७२ मध्ये फ्रेड वुड अध्यक्ष झाले तेव्हा कुठे हे हललं. वुड बसवाले नव्हते, रसायनांच्या धंद्यातून आलेले. त्यांना दिसलं असणार की देशभर धावणारा एवढा मोठा कारभार आपल्या हातात आहे आणि तो कोणाला माहीतच नाही. नॉर्मन विल्सन या डिझायनरने दोन एन जोडून बाणासारखं चिन्ह करून दिलं. गावातल्या बसना लाल किंवा हिरवा यातला एक रंग, आणि लांबच्या सगळ्या गाड्या पांढऱ्या. ‘नॅशनल एक्स्प्रेस’ हे नाव १९७४ चं, तोवर नुसतं ‘नॅशनल’.

माझ्या घरमालकिणीपासून कारखान्यातल्या फोरमनपर्यंत सगळे या पांढऱ्या रंगाच्या नावाने बोटं मोडायचे. मला मात्र तो बरा वाटला, आणि हे मी तिथल्या लोकांसमोर कधी बोललो नाही. परक्या माणसाला बोर्नमथची निळी आणि चेल्टनहॅमची काळी-पांढरी कशी कळणार? पांढरी दिसली की लांबची, आणि एकाच वेळापत्रकात तिची वेळ मिळणार, हे दोन दिवसांत समजलं. ज्यांना सगळे रंग पाठ होते त्यांचं नुकसान झालं, ज्यांना एकही माहीत नव्हता त्यांची सोय झाली. व्यवहार म्हणून बघितलं तर पांढरा निवडणं शहाणपणाचं नव्हतं, हे खरं. हिवाळ्यात तिथे रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात. जानेवारीत त्या पांढऱ्या गाडीची मागची बाजू शेणाने सारवलेल्या भिंतीसारखी दिसायची.

आता स्लाइड्स. लाल-काळी ती मिडलँड रेड, याबद्दल शंका नको. ही कंपनी बर्मिंगहॅमला कार्लाइल वर्क्समध्ये स्वतःच्या गाड्या स्वतः बांधायची. एम-वन महामार्ग २ नोव्हेंबर १९५९ ला उघडला, त्याच दिवशी यांची बर्मिंगहॅम-लंडन गाडी त्यावरून धावली. ताशी ८५ मैल जाऊ शकायची, आणि तेव्हा महामार्गाला वेगमर्यादाच नव्हती. ७० मैलांची मर्यादा १९६५ च्या डिसेंबरात आली.

अर्ध्या रंगाच्या बसबद्दल तुमच्या भावाला सांगा, पैसे संपले नव्हते. आठवडाभर गावोगाव फिरायची आणि शनिवारी समुद्रावर न्यायची, अशा दुहेरी कामाच्या गाड्यांना तो रंग ठरवूनच दिला होता. तोही १९७२ नंतरचाच.

काळ्या-पांढऱ्या बसशी जपून. चेल्टनहॅमची ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाची कंपनी होती, बरेच जण तिथेच फसतात. तुमची ती नव्हे. लहान खिडक्या आणि ग्लासगोची पाटी म्हणजे स्कॉटलंडची ‘वेस्टर्न’. ग्लासगो-लंडन रात्रभराच्या प्रवासासाठी अलेक्झांडर कंपनीकडून १९६८ पासून मुद्दाम बांधून घेतलेली बॉडी, अमेरिकेतल्या ग्रेहाउंडच्या वळणावर, दुहेरी काचा, आत स्वच्छतागृह. खिडक्या लहान कारण रात्री बाहेर बघायचंय काय? स्कॉटलंडच्या सरकारी बसचा गट वेगळा होता, नॅशनल बस कंपनीत नव्हता. त्यामुळे १९७२ च्या पांढऱ्याचा आणि हिचा काहीच संबंध नाही. हिच्यावरून साल काढू नका.

दापोडीकर:

काका, कार्लाइल वर्क्सचं वाचून हात शिवशिवले. आमच्या घरातले दोघे एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते, मी स्वतः गेटपर्यंत डबा पोचवायला जायचो. फरक एवढाच, की दापोडीला चासी बाहेरून यायची आणि बॉडी आपण बांधायचो. ते इंजिनसुद्धा स्वतःचं करायचे म्हणजे कमालच.

ताईंच्या ‘लाल डबा म्हणजे लाल डबा’ला मात्र थोडी हरकत. पहिली एसटी लाल नव्हतीच, निळी आणि वरून चंदेरी होती. लाल नंतर आला. आणि १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडनंतर तिथल्या खेळाडूंसाठी केलेल्या बस एसटीने घेतल्या, त्या दादर-पुणे मार्गावर लागल्या, हिरव्या-पांढऱ्या. लोक आजही त्या प्रकारच्या गाडीला ‘एशियाड’च म्हणतात, कागदावर नाव ‘हिरकणी’ असलं तरी. पुढे वातानुकूलित शिवनेरी, २०१७ मध्ये शिवशाही, आणि १ जून २०२२ ला त्याच पुणे-नगर मार्गावर विजेवरची शिवाई.

माझं म्हणणं असं, की तिकडे रंग मालक सांगायचा आणि आपल्याकडे रंग भाडं सांगतो. स्टँडवर उभा असलेला माणूस हिरवी-पांढरी बघून आधी खिशाला हात लावतो, मग पाटी वाचतो. मालक कोण हा प्रश्नच नाही, मालक एकच.

सध्या_लीड्स:

पुण्याची आहे, इथे शिकायला आले आणि राहिले. दापोडीकर दादांचं वाचून इथल्या कोचकडे जरा नीट बघितलं. आजही नॅशनल एक्स्प्रेस पांढरीच आहे. पण तुम्ही दाराजवळ वाकून बारीक अक्षरं वाचलीत तर तिथे भलत्याच कंपनीचं नाव आणि पत्ता सापडतो. बहुतेक गाड्या ठेकेदारांच्या आहेत. ड्रायव्हर त्यांचा, गाडी त्यांची, रंग नॅशनलचा. म्हणजे ताईंच्या स्लाइडमध्ये चाकावर जे बारीक ‘रिबल’ आहे, त्याचाच धाकटा भाऊ अजून जिवंत आहे.

बाकी इथे आता रंग म्हणजे ॲपचं चिन्ह. मेगाबस २००३ मध्ये एका पौंडापासून तिकीट म्हणत आली, निळी-पिवळी. २०२० पासून फ्लिक्सबसची हिरवी. माझ्या घरमालकांना मात्र वॉलेस अर्नोल्डची आठवण येते. ती लीड्सची कंपनी, सुट्टीच्या सहली न्यायची. त्यांच्या लग्नानंतरची पहिली सहल तिच्यातून झाली होती, त्यामुळे त्या विषयावर वाद घालता येत नाही.

काका, एक प्रश्न. हा पांढरा रंग आल्यावर जुने रंग कधीच परत आले नाहीत का? परवाना उठल्यावर तरी?

फलाट९:

चांगला प्रश्न. परवाना उठला ६ ऑक्टोबर १९८० ला. ३० मैलांच्या वरचा प्रवास असेल तर कोणीही गाडी लावावी, भाडं आपलं आपण ठरवावं. वॉलेस अर्नोल्ड, ग्रे-ग्रीन अशा जुन्या खाजगी कंपन्यांनी लगेच एकत्र येऊन ‘ब्रिटिश कोचवेज’ काढली. म्हणजे बघा, इतकी वर्षं स्वतःचा रंग जपलेल्या कंपन्या, आणि स्पर्धेला उतरताना त्यांनाही एक समाईक नाव घ्यावंसं वाटलं. पांढऱ्याविरुद्ध लढायला दहा रंग चालत नाहीत हे त्यांनाही कळलं होतं.

पण नावाने काय होतं? लंडनचं व्हिक्टोरिया कोच स्टेशन, १९३२ साली बांधलेलं, ते नॅशनलच्या ताब्यात. यांना तिथे जागा नाही, किंग्ज क्रॉसजवळून गाड्या सोडाव्या लागल्या. पुण्यात खाजगी ट्रॅव्हल्सवाल्याला विचारा, स्वारगेटच्या आत उभं राहायला मिळणं आणि बाहेर रस्त्याच्या कडेला पॅसेंजर गोळा करणं यात किती फरक पडतो ते. शिवाय नॅशनलने भाडी खाली आणली. दोन-अडीच वर्षांत ब्रिटिश कोचवेजने गाशा गुंडाळला.

त्या झटापटीतून एक चांगली गोष्ट निघाली, ती म्हणजे नॅशनलची ‘रॅपिड’ सेवा. १९८४ मध्ये मला पुन्हा तिकडे जावं लागलं तेव्हा तीत बसलो. गाडीत स्वच्छतागृह, व्हिडिओ आणि चहा-सँडविच आणून देणारी मुलगी. दापोडीकर म्हणतात तसं तिथेही रंगाचं काम बदललं: बाहेर ‘रॅपिड’ लिहिलेलं असेल तर आत चहा आहे, एवढं प्रवाशाला कळायला हवं. कुठल्या गावच्या कंपनीची, याची कोणाला पडलेली नव्हती. स्कॉटलंडनेही त्याच सुमाराला सगळ्या लांबच्या गाड्या ‘सिटीलिंक’ या एका नावाखाली आणल्या, निळ्या-पिवळ्या. १९८८ मध्ये नॅशनल एक्स्प्रेस खाजगी झाली आणि तिने पांढरा सोडला नाही. सरकारने दिलेला रंग सरकार गेल्यावरही राहिला.

एक राहिलं. १९७२ नंतरच्या फोटोंत अधूनमधून भलत्याच रंगाची बस पांढऱ्यांच्या रांगेत दिसते आणि लोक गोंधळतात. त्या जादा गाड्या. उन्हाळ्यातल्या शनिवारी एवढी गर्दी असायची की मिळेल त्या खाजगी मालकाची गाडी भाड्याने घेत. पुढच्या काचेला आतून कागद चिकटवला की झाली ती नॅशनल. आपल्याकडे गणपतीत कोकणात जाणाऱ्या जादा गाड्यांवर ज्या आगारांची नावं वाचायला मिळतात, तो प्रकार आठवा.

कर्वेरस्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग घेऊन बसले होते. पांढऱ्या रिबलची प्लेट एल अक्षराने संपते. अर्ध्या रंगाचीची दिसत नाही, समोर माणूस उभा आहे (बाबा नव्हेत). मिडलँड रेडची प्लेट सावलीत गेली आहे.

रॉयल ब्लूच्या शेजारच्या पाटीवर मात्र आकड्यानंतर तिरकी रेघ आणि आडवी रेघ आहे, २७/- असं काहीतरी. हे शिलिंग ना? आईला दाखवलं तर ती म्हणाली, बाबा गेल्या गेल्या मित्राकडे समुद्रावर जाऊन आले होते, त्याचं पत्र होतं.

फलाट९:

शिलिंगच. आणि ही पाटी सोन्यासारखी आहे. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ ला शिलिंग बंद करून शंभर पेन्सांचा पौंड केला. चहाच्या टपरीवर जुनी पाटी राहिली असेल एक वेळ, पण कोच स्टेशनवर भाड्याची पाटी जुनी ठेवली तर तिकीट खिडकीवर रोज भांडणं होतील. तेव्हा रॉयल ब्लू १९७१ च्या फेब्रुवारीआधीची धरा. आईंच्या आठवणीशीही जुळतं, ‘गेल्या गेल्या’. सहज सांगतो, ही रॉयल ब्लू बोर्नमथची. १८८० साली घोडागाड्यांनी सुरुवात, आणि १९१९ च्या रेल्वे संपात लोकांना लंडनला पोचवायला गाड्या सोडल्या, त्यातून पुढच्या वर्षी कायमची सेवा निघाली. म्हणून पुढे हरकत घ्यायला रेल्वे सगळ्यात पुढे.

मिडलँड रेड दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, बाबा बर्मिंगहॅमला होते तोवरची. रिबलच्या दोन्ही त्यानंतर. एल अक्षराची गाडी ऑगस्ट १९७२ च्या आधी जन्मलेलीच नाही, आणि ती लँकेशरची. दोघींत आधी कुठली, हे मी सांगणार नाही, अंदाजाने क्रम लावण्यात अर्थ नाही. वेस्टर्नची स्लाइड कुठेही ठेवा. बाबा उत्तरेकडे राहायला गेल्यावर ग्लासगोची बस दिसायची शक्यता जास्त, एवढंच.

दापोडीकर:

काका, मिडलँड रेडची प्लेट सावलीत असली तरी स्कॅनमध्ये उजेड वाढवून बघता येईल. स्लाइडच्या सावलीत डोळ्याला दिसत नाही तेवढं सापडतं. ताई, स्कॅनरच्या सेटिंगमध्ये एकदा उजळ आणि एकदा नेहमीची अशा दोन फाइल करा.

कर्वेरस्ता:

करते. आणि थांबा, डब्याच्या तळाशी आणखी एक सापडली. दुमजली बस, पण गावातली वाटत नाही, पडदे आहेत, आसनं उंच पाठीची. बाजूला ‘स्टँडरविक’ आणि पाटीवर ‘लंडन’. ‘नॅशनल’ कुठेच नाही. हे काय प्रकरण?

फलाट९:

अहो, ही पहिल्यांदा सांगायची! स्टँडरविक ब्लॅकपूलची, रिबलच्याच घरातली, लँकेशरहून लंडनला दुमजली गाड्या नेणारी. दोन पिढ्या झाल्या. पहिली १९५९-६० ची, लेलँड अ‍ॅटलांटियन, तिला ‘गे होस्टेस’ म्हणत, गाडीत खाणंपिणं देणारी होस्टेस असायची म्हणून. दुसरी ब्रिस्टल व्हीआरएल, १९६८ नंतरची, ६० आसनांची. माझ्या वेळी या दुसऱ्या होत्या. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की एम-सिक्सवर आजूबाजूचे ट्रक खाली दिसायचे. वळणावर पोटात गोळा यायचा, पण जागा कोणी सोडत नसे.

ओळखायचं सोपं आहे. प्लेटच्या शेवटी अक्षर असेल तर व्हीआरएल, नसेल तर होस्टेस. अक्षरांची पद्धत १९६३ ची, होस्टेस त्याच्या आधीच्या.

कर्वेरस्ता:

अक्षर आहे. जे.

फलाट९:

मग व्हीआरएल, ऑगस्ट १९७० ते जुलै १९७१ मधली. पांढरा रंग आणि ‘नॅशनल’ अंगावर चढायच्या आधीचा फोटो. म्हणजे ऑगस्ट १९७० ते फार तर १९७३-७४ यांच्या मधला, आणि रिबलच्या दोन्ही स्लाइड्सच्या आधी लावला तरी चालेल. ही मोठ्यात मोठ्या आकारात स्कॅन करा आणि फाइल इथे टाका. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत वेळापत्रकाचा कागद लावलेला असायचा, तो वाचता येतो का ते मला बघायचंय.